सिक्युरिटी एजन्सीला क्लायंटने सीएसआर आणि पर्यावरण पॉलिसी मागितलीय, काय लिहू?

मस्टरवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. सोलापुरात एका प्रायव्हेट लिमिटेड सिक्युरिटी एजन्सीचं ऑफिस मी बघतो, म्हणजे मस्टर, पगार, पीएफ, बिलं, आणि रात्री अकराला कुणी गार्ड आला नाही की फोनपण मलाच. दीडशेच्या आसपास गार्ड आहेत, चिंचोळी एमआयडीसी, अक्कलकोट रोडला टॉवेलचे कारखाने, बाकी सोसायट्या. आता एका मोठ्या क्लायंटने व्हेंडर फॉर्म पाठवलाय, त्यात विचारायलेत की तुमची सीएसआर (म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च) पॉलिसी काय, पर्यावरणासाठी काय करता, पुरावा म्हणून फोटो जोडा. आमचे साहेब म्हणतात त्यात काय एवढं, शंभर झाडं लावू, बॅनर धरून फोटो काढू, विषय संपला. पण फॉर्मवर सही माझी जाणार. आपल्याला सीएसआर लागू तरी होतो का? कुणी भरलाय का असला फॉर्म?

हिशोबवही
लागू होत नाही, घाबरू नका. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आधीच्या वर्षी नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिन्हीपैकी एक जरी असलं तरच मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. तुमचे दीडशे गार्ड, माणशी महिना वीस हजार बिल धरलं तरी वर्षाला ३ कोटी ६० लाख होतात, ते पण सगळं पगारातच जाणार, मग ५ कोटी नफा कुठनं आणणार.

क्लायंट का मागतोय ते पण सांगतो. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, समाज आणि पर्यावरणाबाबत काय करतो ते सांगणारा रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात व्हेंडरकडं काय चाललंय हा विषय पण येतो, म्हणून फॉर्म खाली ढकललाय.

आणि एक गंमत, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च कायद्याने सीएसआरमध्ये धरतच नाहीत. म्हणजे झाडं लावली तर चालतं पण स्वतःच्या गार्डला थंड पाणी दिलं तर नाही. अर्थात तुम्हाला कायदाच लागू नाही त्यामुळं तुम्ही मोकळे आहात.

गेटनंबर२
मी सहा वर्ष गार्ड होतो, आता रिक्षा चालवतो. झाडाचं वाचून हसूच आलं. आपल्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, आणि त्या शंभर झाडाला पाणी घालायचं काम कुणाच्या गळ्यात पडणार, गार्डच्याच की ओ! आमच्या साईटला पण असंच लावलेली, पाऊस संपला तशी निम्मी गेली, बुंध्याभोवतीची आळी तेवढी राहिली.

मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत पत्र्याच्या केबिनमध्ये बारा तास बसून बघा एकदा, वर ते टेरिकॉटचं युनिफॉर्म, बूट, टोपी. केबिनला पंखा होता पण बोर्डच नव्हता. पाणी घरनंच बाटलीत न्यायचं, दुपारी दोनपर्यंत ते चहासारखं गरम. त्यात युनिफॉर्मचे पैसे पगारातनं तीन हप्त्यात कापलेले, नोकरी सोडताना युनिफॉर्म पण परत घेतला, मग पैसे कसले कापले ते आजपर्यंत कळलं नाही. समाजसेवा करायचीच आहे तर केबिनवर वाळ्याचा पडदा लावा आणि एक माठ ठेवा, लई उपकार होतील.

फिल्डऑफिसर_विजापूररोड
गेटनंबर२ यांचं शंभर टक्के बरोबर, पण एजन्सीची बाजू पण ऐका. हेच क्लायंट टेंडरला सगळ्यात कमी रेटवाला उचलतात आणि मग ईएसजीचा (पर्यावरण, समाज, कारभार यांचा) फॉर्म पाठवतात. रेट आठ तासाचा आणि ड्युटी बारा तासाची, हे त्यांच्या परचेसवाल्याला माहीत नसतं का?

हिशोब करून बघा. जादा तासाला दुप्पट पगार हा नियम. म्हणजे बारा तासातल्या वरच्या चार तासाचे आठ तासाइतके पैसे होतात, एका गार्डला एका दिवसात दोन हजेऱ्या, म्हणजे दोन दिवसांचा पगार. एका पोस्टला चोवीस तास दोन गार्ड ठेवले तर चार हजेऱ्या, आणि तीन पाळ्या केल्या तर तीनच. साप्ताहिक सुट्टीचा रिलीव्हर (बदली गार्ड) धरला तरी साडेतीन माणसं. नियमाने चाललं तर तीन पाळ्याच स्वस्त आहेत बे! दोन पाळ्या स्वस्त वाटतात कारण ओव्हरटाइम कुणी देतच नाही. मी हे दोन क्लायंटना कागदावर मांडून दाखवलं, एकाने चहा पाजला आणि एकाने खरंच रेट वाढवून दिला.

ट्रेनिंगचं पण लिहा. खाजगी सिक्युरिटी एजन्सींचा 'पसारा' (PSARA) कायदा २००५ चा, त्याच्या नियमात नव्या गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास फिल्डवर असं ट्रेनिंग सांगितलंय, निदान वीस कामाच्या दिवसांत विभागून. सर्टिफिकेट सगळ्यांकडं असतं. आग विझवायचा सिलेंडर किती जणांना चालवता येतो ते विचारू नका.

पर्यावरणात खोटं लिहायची गरज नाही. पेट्रोलिंगच्या गाड्या किती, टॉर्चचे सेल आणि वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या कुठं जातात (आमच्याकडं एक पोतं भरून कोपऱ्यात पडलंय, रिसायकलवाल्याला द्यायचंय), एवढं लिहा. आणि रात्रीच्या राउंडला गार्डने गळका नळ, हवेची लाईन फुसफुसतेय, सकाळी आठला चालू राहिलेले कंपाउंडचे दिवे, हे रजिस्टरला नोंदवायचं. टॉवेलच्या कारखान्यात डाइंगला किती पाणी लागतं माहितेय ना, तिथं एक व्हॉल्व्ह गळला तर तुमच्या शंभर झाडाचं पाणी गेलं.

मस्टरवाला_सोलापूर
सगळ्यांचे आभार. साहेबांना हा धागा दाखवला, झाडाचं अजून मनातनं गेलेलं नाही, पण युनिफॉर्मची कपात या महिन्यापासून बंद करायला तयार झाले. सहा उघड्या पोस्टवर माठ आणि पडदे, त्याचं बिल आजच मंजूर. तीन पाळ्यांचा हिशोब क्लायंटला फॉर्मसोबतच पाठवला, बघू काय म्हणतात.

सीएसआरच्या रकान्यात 'कलम १३५ लागू नाही' लिहिलं. फोटो जोडा म्हणाले होते तिथं मागच्या महिन्याचं पीएफचं चलन जोडलं, १५ तारखेच्या आतलं.

गेटनंबर२
माठ रोज भरणार कोण ते पण लिहून ठेवा.