कोबीवर बीटी भुकटी फवारली, तरी दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच. चूक कुठे झाली?

प्रश्न – गच्चीवरची बाग, पुणे

नमस्कार. आमच्या गच्चीवर वीस-बावीस कुंड्या आणि विटांनी बांधलेले दोन वाफे आहेत. दसऱ्यानंतर कोबी आणि फ्लॉवरची रोपे लावली. तीन आठवड्यांतच पानांवर कागद खरवडल्यासारखे पारदर्शक ठिपके आणि मग आरपार छिद्रे दिसू लागली. पान उलटून पाहिले, तर खालच्या बाजूला पोपटी रंगाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या अळ्या होत्या. बोट लागताच त्या वळवळत मागे सरकतात आणि धाग्याला लोंबकळून खाली उतरतात.

घरातील दोन लहान मुले वाफ्यातील पाला तोडून तोंडात घालतात, त्यामुळे रासायनिक औषध नको होते. म्हणून जिवाणूजन्य बीटी भुकटी आणली. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारली. द्रावण पानावर टिकावे म्हणून त्यात कपडे धुण्याच्या साबणाचे पाणीही मिसळले होते. सोमवारी पाहिले, तर अळ्या जिथल्या तिथे होत्या आणि शेजारच्या मिरचीवरील मावाही तसाच होता. भुकटी बनावट असेल का? ही बीटी म्हणजे कपाशीतील बीटीच का? लिंबाच्या कुंडीवरही काळपट अळ्या आहेत. त्यांच्यावरही हीच फवारावी का?

उत्तर १ – कृषी पदवीधर, नाशिक

आपण केलेल्या वर्णनावरून ही चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी असावी. कोबीवर्गीय भाज्यांची ती नेहमीची शत्रू आहे. भुकटी बनावट आहे असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही, कारण फवारणीच्या पद्धतीतच तीन गोष्टी तिच्या विरोधात गेल्या आहेत.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. ते स्पर्शविष नाही, पोटविष आहे. जिवाणूच्या बीजाणूसोबत प्रथिनाचा एक स्फटिक तयार होतो. अळीने फवारलेले पान खाल्ले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात तो विरघळतो, तेथील विकरांमुळे कार्यक्षम होतो आणि आतड्याच्या अस्तराला चिकटून त्याला भोके पाडतो. काही तासांत अळीचे खाणे थांबते, मात्र मरायला दोन-तीन दिवस, मोठ्या अळीला त्याहूनही अधिक लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली तरी तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. त्याऐवजी झाडाखाली पांढरा कागद अंथरून ठेवावा आणि त्यावर पडणारी काळी-हिरवी बारीक विष्ठा कमी होते आहे का ते पाहावे. विष्ठा थांबली म्हणजे खाणे थांबले. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि अळीच्या आतड्यात ज्या जागांना हे प्रथिन चिकटते, तशा जागा आपल्या आतड्यात नसतात. त्यामुळे मुलांच्या दृष्टीने ही भुकटी रासायनिक औषधांपेक्षा पुष्कळच निर्धोक आहे. तरीही ती नाकात जाऊ नये म्हणून फवारताना तोंडाला रुमाल बांधावा, मुलांना त्या वेळी गच्चीवर येऊ देऊ नये आणि पाला धुतल्याशिवाय खाऊ नये.

आता चुकांकडे येतो. पहिली चूक वेळेची. उन्हातील अतिनील किरणांमुळे हे प्रथिन आणि बीजाणू लवकर निकामी होतात, म्हणून फवारणी नेहमी ऊन उतरल्यावर करावी, म्हणजे निदान ती रात्र आणि पहाट अळ्यांच्या खाण्याला मिळते. दुसरी चूक साबणाची. कपड्यांच्या साबणाचे पाणी बरेच अल्कधर्मी असते, आणि अळीच्या पोटात घडायला हवे ते स्फटिक विरघळण्याचे काम फवारणी यंत्रातच सुरू होण्याची शक्यता असते. चिकटपणा हवाच असेल तर शेतीसाठी मिळणारे स्टिकर वापरावे. तिसरी गोष्ट पानाच्या खालच्या बाजूची. अळी तिथेच खात असते, आणि आपण उभ्याने वरून फवारले असेल तर तिच्या तोंडी औषध गेलेच नसेल. कोबीचे पान मेणचट असल्यामुळे त्यावरून थेंब ओघळतात, तेव्हा नोझल खालून वर धरून बारीक तुषारांत फवारणी करावी. प्रमाण मात्र पाकिटावर छापलेलेच ठेवावे. ५-६ दिवसांनी पुन्हा पाहून बारीक अळ्या असतील तरच दुसरा फवारा द्यावा.

कपाशीविषयी सांगायचे तर नाते आहे, पण गोष्ट एक नाही. या जिवाणूतील प्रथिन तयार करणारे जनुक कपाशीच्या झाडात घातले, तिला बीटी कापूस म्हणतात. आपल्याकडे तिला २००२ मध्ये परवानगी मिळाली. आपण फवारता ते जिवाणूचे बीजाणू आणि स्फटिक आहेत, त्यामुळे कोबीच्या झाडात काहीही बदल होत नाही.

उत्तर २ – मिरची-वांगी मंडळी, सातारा

माव्याची चिंता या भुकटीवर सोपवू नका. मावा, तुडतुडे, पांढरी माशी हे सारे सोंड खुपसून झाडाचा रस शोषतात. पानाच्या पृष्ठभागावर असलेले त्यांच्या पोटात जातच नाही. त्यांच्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क बरा.

आणखी एक. पाकिटावर जिवाणूचा कोणता प्रकार लिहिला आहे ते वाचा. अळ्यांसाठी ‘कुर्स्टाकी’ हवा. मी एकदा घाईत ‘इस्राएलेन्सिस’ आणला, जो पाण्यातील डासांच्या अळ्यांसाठी असतो, आणि आठवडाभर फ्लॉवरवर निष्ठेने फवारत राहिले. फ्लॉवर गेला, डासांचे काय झाले ते मी पाहिले नाही.

प्रश्नकर्ता

पाकिटावर कुर्स्टाकीच आहे. काल सायंकाळी साबणाशिवाय, पाने खालून भिजवून पुन्हा फवारणी केली आणि कागदही अंथरला आहे. मुळ्याच्या पाल्यावरही काळसर हिरव्या अळ्या दिसल्या. हात लावला की त्या वेटोळे करून मेल्याचे सोंग घेत खाली पडतात. त्यांच्यावरही चालेल ना?

उत्तर ३ – कृषी पदवीधर, नाशिक

बहुधा नाही. मोहरी-मुळ्यावर अशी सोंग घेणारी काळी अळी पतंगाची नसून सॉफ्लाय नावाच्या माशीची असते. ती मधमाशी-गांधीलमाशीच्या गणातील आहे आणि कुर्स्टाकी प्रकाराचा तिच्यावर परिणाम होत नाही. भिंगातून पोटाखालचे मांसल पाय मोजून पाहा. पतंगाच्या अळीला ते पाच जोड्यांहून अधिक नसतात, हिला आठ जोड्या असतात. एवढ्या वाफ्यात सकाळी लवकर झाड हलवून त्या ताटलीत पाडाव्यात, हेच सोपे.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. हाती भुकटी आहे म्हणून दर आठवड्याला फवारत बसू नये. मोकळ्या शेतात बीटी फवारणीला दाद न देणारी पहिली कीड म्हणून जिची नोंद झाली, ती हीच कोबीवरील अळी आहे. हवाई बेटांवरील ती नोंद १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. मधूनमधून निंबोळी अर्क वापरावा आणि अंडी-कोष असलेली खालची जुनी पाने काढून टाकावीत.

उत्तर ४ – फुलपाखरू निरीक्षक, रत्नागिरी

लिंबाच्या झाडाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. लिंबावरील काळपट-पांढऱ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या बहुधा लिंबाच्या फुलपाखराच्या असतात. मोठ्या होऊन त्या हिरव्या होतात आणि डिवचले तर डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडतात. आपल्या राज्याचे फुलपाखरू ब्ल्यू मॉर्मनही लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. बीटी भुकटीला पतंगाची अळी आणि फुलपाखराची अळी असा भेद कळत नाही, आणि रेशीमकिडाही तिला वेगळा वाटत नाही. किंबहुना १९०१ मध्ये जपानमध्ये या जिवाणूचा शोध लागला तो आजारी रेशीमकिड्यांमध्येच. त्यामुळे जवळपास तुतीवर रेशीमकिडे पाळले जात असतील तर फवारा तिकडे जाणार नाही याची काळजी घ्यावी. कुंडीतील लिंबावर पाच-सात अळ्यांसाठी फवारा मारण्याऐवजी एक फांदी त्यांना सोडून द्यावी, आणि कोबी फवारताना ती कुंडी जुन्या साडीने झाकावी.

प्रश्नकर्ता

आज तिसरा दिवस. कागदावर कालच्या मानाने फारच थोडी विष्ठा पडली आहे, आणि दोन अळ्या काळपट होऊन पानाला लोंबकळलेल्या दिसल्या. मुळ्यावरच्या अळ्यांचे पाय मुलीने भिंगातून मोजले: आठ जोड्या. लिंबाची कुंडी सध्या जिन्यात हलवली आहे.