मदत हवी आहे: युरोपातल्या बंदरांचा कायदा, सेल्फ हँडलिंग नक्की काय भानगड?

नमस्कार मंडळी, शिपिंगचा कोर्स करतोय, असाइनमेंट युरोपियन युनियनच्या पोर्ट सर्व्हिसेसवर आहे आणि डोकं पार भंजाळलंय. बंदरातल्या सेवांचा बाजार खुला करायचा पहिला प्रस्ताव २००३ ला युरोपियन पार्लमेंटने फेटाळला, दुसरा २००६ ला, त्या जानेवारीत गोदी कामगार थेट स्ट्रासबर्गला धडकले आणि पार्लमेंटच्या काचा फोडल्या. मुख्य भांडण सेल्फ हँडलिंगचं, म्हणजे जहाजमालकाने माल आपल्याच माणसांकडून चढवायचा-उतरवायचा. माझे बाबा गोदीत लॅशिंगला (जहाजावर कंटेनर घट्ट बांधायचं काम) होते, कंटेनरचे रॉड आवळून हाताला घट्टे पडलेले, त्यामुळे खलाशांनी हे काम करावं हे मला तरी पटत नाही, पण असाइनमेंटमध्ये असं लिहून चालेल का 😅

शेवटी २०१७ ला रेग्युलेशन आलं, पण बाजार खुला करायच्या नियमांतून कार्गो हँडलिंग (माल चढवणं-उतरवणं) आणि पायलटेज (बंदरात जहाजाला वाट दाखवणं) वगळलं, टग (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी) आणि मूरिंग (जहाज धक्क्याला बांधणं) मात्र आत. मग स्पर्धा वाढणार कुठे? शिवाय जागा कमी असेल तर टगवाल्यांची संख्या मर्यादित ठेवता येतेच की.

कुणी रॉटरडॅम, अँटवर्पकडे काम करतं का? तिकडे टगचे रेट खरंच उतरले का ते सांगा प्लीज, शुक्रवारी सबमिशन आहे.