अट, मर्यादा, बंधन की खोडा?

प्रश्न : प्रयोगशील माहितीपटांवर लेख लिहिते आहे. दिग्दर्शक मुद्दाम एखादा नियम लावून घेतो आणि त्या नियमातूनच चित्रपट घडतो. या 'कन्स्ट्रेंट'ला मराठीत काय म्हणावं? 'सर्जनशील मर्यादा' लिहून पाहिलं, पण त्यातून दिग्दर्शकाची प्रतिभाच तोकडी आहे असं वाटतं. लेखाचा मोठा भाग डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअर आणि यॉर्गन लेथ यांच्या 'द फाइव्ह ऑब्स्ट्रक्शन्स'वर (२००३) आहे.

प्रतिसाद : 'मर्यादा' नकोच. ती परिस्थितीनं येते. पैसे कमी, दिवस कमी, ही मर्यादा. आपणहून पत्करलेल्या नियमाला 'बंधन' म्हणा, कवितेत वृत्ताचं बंधन म्हणतो तसं. फॉन ट्रिअर आणि त्यांच्या साथीदारांनी साधेपणानं चित्रपट करण्यासाठी काढलेल्या १९९५ च्या डॉग्मे जाहीरनाम्यातले नियम, म्हणजे कॅमेरा हातातच धरायचा, सेट उभारायचा नाही, वरून संगीत चढवायचं नाही, ही सरळ बंधनं आहेत.

प्रतिसाद : डॉग्मेपुरतं पटलं. पण या चित्रपटात नियम लेथ लावून घेत नाहीत. लेथ यांनी आपलाच जुना लघुपट पुन्हापुन्हा करायचा, आणि दर वेळी नवे नियम फॉन ट्रिअर लावतात, तेही समोरचा अडखळावा म्हणूनच. डॅनिश नावातला 'बेन्स्पेंड' म्हणजे चालणाऱ्याच्या पायात पाय घालणं. आपल्याकडे 'खोडा घालणे' आहे की! खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. पायाचा संबंधही राहतो आणि दुसऱ्यानं मुद्दाम घातल्याचा अर्थही.

पहिलाच खोडा बघा. लेथ यांनी आपलाच १९६७ चा 'द परफेक्ट ह्यूमन' क्यूबात जाऊन पुन्हा करायचा, पण एकही शॉट १२ फ्रेमपेक्षा लांब नको. १२ फ्रेम म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद! निवांत, स्थिर नजरेनं बघणं ही ज्यांची ताकद, त्यांच्या नेमक्या त्याच ठिकाणी घाव. आणि तयार काय झालं? तेच तुकडे पुन्हापुन्हा येतात, त्यांना ठेका मिळतो आणि चित्रपट अक्षरशः नाचू लागतो. असा ठेका लेथ यांनी मोकळेपणी कधी निवडला नसता असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा खोडा तर आपल्या मुंबईतला. जगातल्या सर्वात वाईट जागी जा, पण ती जागा दाखवू नकोस. लेथ वेश्यावस्तीतल्या फॉकलंड रोडवर गेले (त्याचं आजचं नाव पठ्ठे बापूराव मार्ग, हे लेखात जरूर लिहा). तिथे नीटनेटक्या काळ्या सुटात टेबलाशी बसून जेवले. मागे अर्धपारदर्शक पडदा, आणि त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या बायका, मुलं दिसत राहतात. नियम मोडला म्हणून फॉन ट्रिअरनी शिक्षा सुनावली : मुंबईला परत जा, नाहीतर एकही अट नसलेला चित्रपट कर. लेथ यांनी दुसरी निवडली. मोकळीक हीच शिक्षा! हा प्रसंग 'बंधन' शब्दात मावत नाही.

प्रतिसाद : एक विनंती. सरकारी बंदीला 'सर्जनशील बंधन' म्हणू नका. इराणी दिग्दर्शक जाफर पनाहींवर इराणमध्ये २० वर्षं चित्रपट न करण्याची बंदी आली. 'धिस इज नॉट अ फिल्म'मध्ये (२०११) ते तेहरानमधल्या घरातच गालिच्यावर चिकटपट्टी लावून, न काढता आलेल्या चित्रपटातली खोली आखून दाखवतात. आखताआखता गप्प होतात. तिथे 'बंदी' हाच शब्द हवा. त्यातून मोठी कलाकृती झाली, त्याचं श्रेय बंदीला नको.

प्रश्नकर्ती : पटलं. एकूण प्रकाराला 'बंधन', पनाहींसाठी 'बंदी' आणि या चित्रपटासाठी 'खोडा'. मग 'पाच खोड्यांचा चित्रपट' असं शीर्षक चालेल?

प्रतिसाद : 'खोड्यांचा' नको. खोडा आणि खोडी, दोन्हींचं सामान्यरूप तिथे एकच होतं आणि वाचक खोड्या काढणंच समजेल. सरळ 'पाच खोडे' ठेवा.