लेकीला रात्री बारा वाजता पुस्तक घ्यायला नेऊ का? (इंदूर)

रामबागकर:
नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. लेक आठवीत आहे. तिच्या आवडत्या इंग्रजी मालिकेचा शेवटचा भाग येत्या शनिवारी निघतोय आणि आमचे नेहमीचे पुस्तकवाले काका शुक्रवारी रात्री बाराला दुकान उघडणार आहेत. आगाऊ पैसे भरले की टोकन, आणि टोकनाच्या क्रमाने पुस्तक. लेकीने साठवलेल्या पैशांतून टोकन घेऊनही टाकलं, सतरा नंबरचं.

ह्यांचं म्हणणं, तेच पुस्तक शनिवारी दुपारपर्यंत घरपोच येतं, तेही स्वस्तात, मग जागरण कशाला? सासूबाई मात्र तिच्या बाजूने. म्हणाल्या, "सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री बाराला पोरीला भुट्ट्याचा कीस खायला नेता ना? मग पुस्तकासाठी का नाही?"

कुणी असं गेलंय का? तिथे नेमकं काय होतं? आणि घरी आल्यावर ती रात्रभर वाचत बसेल, तर बसू द्यावं का?

गठ्ठेवाला (पुस्तकविक्रेता, वडोदरा):
ताई, आधी काकांना विचारा की बारा म्हणजे कुठले बारा. परदेशी पुस्तकाची वेळ कधी कधी तिकडच्या घड्याळाने ठरते. खोकी आमच्याकडे एक-दोन दिवस आधी येतात, पण वेळेआधी चिकटपट्टी कापायची नाही असं लिहून दिलेलं असतं. ते आम्ही पाळतो, कारण नाही पाळलं तर पुढचा माल अडकतो. पुस्तक हातात आलं की तिथेच उजेडात पानं चाळून घ्या. मोठ्या छपाईत एखादा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, दोनदा बांधला जातो किंवा गळतो. घरी गेल्यावर कळलं तर पोरीचा विरस होईल. बाकी घरपोच स्वस्त मिळतं हे खरं आहे. पण रात्री बाराला दिवे लावून बसणारा दुकानदार तुमच्या गल्लीत आहे, त्याच्याकडूनच घ्या.

पूर्वीची इंदूरकर:
ताई, न्या. नक्की न्या.

मी नववीत होते. २१ जुलै २००७, शनिवार. हॅरी पॉटरचा सातवा, शेवटचा भाग. लंडनच्या मध्यरात्रीनंतर एक मिनिटाने विक्री सुरू होणार होती, म्हणजे आपल्याकडे पहाटे ४ वाजून ३१ मिनिटं. त्यामुळे आमची मध्यरात्र पहाटे झाली. बाबांनी मला साडेतीनला उठवलं. पाऊस भुरभुरत होता, स्कूटरवर मी पुढ्यात रिकामी दप्तरपिशवी घेऊन बसले होते, पुस्तक भिजू नये म्हणून. राजवाड्यापाशी आलो तर सराफा आवरून झाला होता, कुणीतरी दुकानाचा ओटला धूत होतं. मी त्या बाजारात रात्री कितीदा गेले असेन, पण तो झोपलेला तेव्हाच पाहिला.

दुकानाच्या शटरसमोर आम्ही पंधरा-वीसजण होतो. बहुतेक एकमेकांना अनोळखी. दुकान उजाडता उजाडता उघडलं, खोकं आमच्यासमोर कापलं. नव्या कागदाचा वास आला आणि बोलणं एकदम थांबलं.

आता मला खरं सांगायचंय ते. आमच्या घरी पुस्तक नेहमी उशिराच यायचं. दिवाळी अंक पुण्याहून मागवायचो, ते भाऊबीज उलटून गेल्यावर पोचायचे. तोवर पुण्याची आत्या फोनवर अर्धा अंक सांगून मोकळी झालेली असायची. मराठी पुस्तक हवं तर कुणीतरी पुण्याला जाईपर्यंत थांबायचं. बृहन्महाराष्ट्रात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या पहाटे पहिल्यांदा असं झालं की मी, पुण्यातली आतेबहीण आणि लंडनमधली कुणीतरी मुलगी, तिघींचं पहिलं पान एकाच वेळी उघडलं होतं. शेवट कुणालाच माहीत नव्हता. इंदूर त्या दिवशी कुणाच्या मागे नव्हतं.

घरपोच पुस्तकात हे मिळत नाही. पुस्तक तेच असतं, पण आपण एकटे असतो.

घरी येताना बाबांनी पोहे-जिलबी घेतली. मी शनिवारभर वाचलं, आईने एकदाही हाक मारली नाही. म्हणून म्हणते, जागू द्या. एक रात्र आहे. आजीने विचारलं, एवढं काय आहे त्यात? मग तिने पहिला भाग मराठीत वाचला. ते भाषांतर भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलं होतं, म्हणजे या वेळी पुस्तक आपल्याच बाजूने आलं होतं! पुढे कित्येक दिवस आमची दोघींची तीच चर्चा.

मी आता पुण्यात असते, हवं ते पुस्तक पायी चालत जाऊन मिळतं. त्या पहाटेसारखी वाट मात्र पुन्हा पाहिली नाही.

निवांत वाचक:
माझं मत थोडं वेगळं. न्यावं जरूर, पण रात्रभर वाचू देऊ नये. शेवटचा भाग आहे, झोपेत पानं उलटली जातात आणि जे दहा वर्षं लक्षात राहायचं ते निसटतं. दोन प्रकरणं वाचून निजू दे. शेवट फुटायची भीती असेल तर मैत्रिणींचे गट दोन दिवस बंद ठेवायला सांगा.

रामबागकर:
सगळ्यांचे आभार. जाऊन आलो! वेळ इथलीच होती, काकांनी बाराला दोन मिनिटं असताना शटर वर केलं. हेही आले, सासूबाईही आल्या. फर्मे तपासले, ठीक आहेत. ओळीत सोळा आणि अठरा नंबरच्या मुली लेकीच्याच वयाच्या, एक विजयनगरची, एक राऊची. तिघींनी तिथेच ओट्यावर बसून ठरवलं की रविवार संध्याकाळपर्यंत दहाव्या प्रकरणाच्या पुढे कुणी जायचं नाही. लेक आत्ता नवव्यावर थांबली आहे आणि सारखी घड्याळ बघते आहे. संध्याकाळी पाचला त्या दोघी आमच्याकडे येणार आहेत, सासूबाई साबुदाण्याचे वडे करताहेत.