शाळांच्या 'कॉन्फरन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. बहीण अमेरिकेत इंडियानात, फोर्ट वेनच्या बाहेर एका गावात राहते आणि भाचा तिथल्या हायस्कूलकडून बास्केटबॉल खेळतो. फोनवर सारखं 'आमची कॉन्फरन्स', 'ती शाळा कॉन्फरन्स सोडून गेली' असं चालू असतं आणि आमच्या बाबांना (रिटायर्ड पीटीचे सर) दरवेळी वाटतं की कुठली तरी मीटिंग चाललीय. डिक्शनरीत परिषद, संमेलन असं दिलंय. मग शाळांच्या गटाला परिषद म्हणायचं का? आणि शाळा एकीतून दुसरीत जातात त्याला पुनर्रचना म्हटलं तर चालेल?

उत्तर
परिषद नकोच ताई, परिषद म्हटलं की स्टेज आणि अध्यक्षीय भाषण आठवतं. साखळी म्हणा की सरळ, कबड्डीत साखळी सामने म्हणतोच आपण.

उत्तर
साखळी हा सामने खेळवायचा प्रकार झाला, खेळणाऱ्या शाळांचा गट नाही. मी त्याच भागात बरीच वर्षं आहे, मुलं तिथल्याच शाळांत शिकली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे शाळेची टीम तालुक्याला खेळते, जिंकली की जिल्ह्याला, मग विभाग, मग राज्य, आणि तुम्हाला कुठल्या तालुक्यात खेळायचंय असं शाळेला कोणी विचारत नाही. इंडियानात तसलीही एक पायरी आहे, तिला सेक्शनल म्हणतात, कोण कुठल्या सेक्शनलमध्ये ते राज्याची संघटना पटसंख्या आणि अंतर बघून ठरवते. कॉन्फरन्सचं तसं नाही. आसपासच्या सात-आठ शाळा आपण होऊन एकत्र येतात, दरवर्षी एकमेकींशी खेळायचं ठरवतात, नव्या शाळेला यायचं असेल तर बाकीच्यांनी तिला घ्यावं लागतं आणि जिला जायचंय ती आधी कळवून जाते. म्हणून पुनर्रचना मला पटत नाही. मतदारसंघांची पुनर्रचना आयोग करतो, इथे वरून ठरवणारं कोणी नसतं.

उदाहरण देतो म्हणजे शब्द निवडायला सोपं जाईल. फोर्ट वेनच्या भोवती नॉर्थईस्ट हूझियर कॉन्फरन्स म्हणून आठ शाळांचा गट होता. त्यातल्या कॅरल आणि होमस्टेड या शहराला लागून असलेल्या, तिथे वस्ती वाढत गेली, पट फुगला, आणि २०१५ मध्ये त्या दोघी फोर्ट वेन शहरातल्या शाळांच्या समिट कॉन्फरन्समध्ये गेल्या. राहिलेल्या सहा जणींनी हंटिंग्टन नॉर्थ आणि लिओ या दोन शाळा घेतल्या आणि नाव ठेवलं नॉर्थईस्ट एट. आता लिओ आली कुठून, तर अॅलन काउंटी कॉन्फरन्समधून (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा), म्हणजे तिथे खड्डा पडला. तिथे उरल्या सात, त्यातल्या अॅलन काउंटीतल्या फक्त दोनच, हेरिटेज आणि वुडलन, बाकी सगळ्या अॅडम्स, वेल्स आणि जे काउंटीतल्या. नाव मात्र अॅलन काउंटीच. एका शाळेच्या जाण्याने किती घरं हलतात बघा.

आणि सात हा आकडा फार त्रासाचा. फुटबॉल शुक्रवारी रात्री, जोड्या लावल्या की दर आठवड्याला एक शाळा उरतेच, मग तिथल्या अॅथलेटिक डिरेक्टरने, म्हणजे शाळेच्या खेळांचं बघणाऱ्याने, बाहेरची कोणीतरी शोधायची, तीही त्याच शुक्रवारी मोकळी असलेली, आणि मिळाली तरी पोरं पिवळ्या बसमधून दीड-दोन तास जाणार आणि मध्यरात्री घरी येणार. गावातल्या शाळेला हे परवडत नाही, म्हणून कॉन्फरन्समधून कोणी गेलं की लोक खरोखर हळहळतात.

उत्तर
आमच्या सातारा भागात याला नेमका शब्द आहे, सावड. कोल्हापूरकडे पैरा म्हणतात. चार-पाच शेतकरी ठरवून एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबतात, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, जमेनासं झालं की एखादा बाहेर पडतो आणि दुसरा घेतात. सामनेही एकदा तुमच्या गावात, एकदा आमच्या गावात, तसेच ना?

उत्तर (इंडियानातला)
अगदी तसेच, बाबांना तोंडी सांगायला यापेक्षा चांगला शब्द नाही. फक्त सावडीत चुरस नसते आणि इथे तीच मुख्य, म्हणून लिहिताना मी तो वापरणार नाही.

एनरोलमेंटला मात्र पट हाच शब्द ठेवा, नोंदणी वगैरे नको. सगळं पटावर चालतं. १९५४ मध्ये मायलन नावाच्या १६१ पटाच्या शाळेने मन्सी सेंट्रलला ३२-३० हरवून राज्याचं बास्केटबॉल जिंकलं, तेव्हा लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत असायच्या. १९९७-९८ पासून पटाप्रमाणे चार वर्ग केले, त्यामुळे सेक्शनलला पाच मैलांवरची शेजारीण येईलच असं राहिलं नाही, समान पटाची कुठली तरी लांबची येते. शेजारची खुन्नस उरली ती कॉन्फरन्समध्येच. माझ्या मते त्यासाठी तरी हे गट टिकले पाहिजेत.

उत्तर
शाळा एकत्र करतात त्याला आपल्याकडे समायोजन म्हणतात, २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचं निघालं तेव्हा हाच शब्द पेपरात होता. तिकडेही तेच का?

उत्तर (इंडियानातला)
तिकडे ते खूप आधी झालं आणि त्यासाठी विलीनीकरण बरा, कारण जुनी शाळा नावासकट जाते. वुडबर्न आणि हारलन मिळून वुडलन झाली, पोर्टलंड, डंकर्क वगैरे गावांची मिळून १९७५ मध्ये जे काउंटी हायस्कूल झालं. गावच्या टीमा गेल्या तसे त्यांचे गटही संपले. म्हणजे शाळा बंद झाल्याने गट आटला तर विलीनीकरण, शाळा आपण होऊन गेली तर 'कॉन्फरन्स सोडली', आणि नॉर्थईस्ट हूझियरसारखं झालं तर 'मोडली', असं वेगवेगळं ठेवा. सगळ्याला पुनर्रचना म्हटलं तर कोणी काय केलं ते कळत नाही.

प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे. मग लिहिताना पहिल्यांदा 'कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळायला जमलेल्या शाळांचा गट' आणि पुढे नुसतं कॉन्फरन्स, बाबांना सावड. अनेकवचन कॉन्फरन्सेस की कॉन्फरन्सा?

उत्तर
दोन्ही नको, 'दोन कॉन्फरन्स' असंच राहू द्या.