मदत हवी आहे: हॉलसाठी स्पीकर, बजेट २० हजार, आईला डायलॉग ऐकू आले पाहिजेत

नमस्कार मंडळी,

पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉल १० बाय १६. टीव्ही ४३ इंची, सहा वर्षांचा, भिंतीवर टांगलेला. सिनेमा लावला की माणसं कुजबुजतात आणि संगीत ढणढणतं. डायलॉगसाठी आवाज २८ वर न्यायचा, मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत धावायचं. आई ७४ वर्षांची. ती टीव्हीसमोर बसतच नाही. डावीकडे खिडकीशी तिचा दिवाण आहे, तिथून मालिका बघते आणि दर दोन मिनिटांनी विचारते, "काय म्हणाली रे ती?"

एकदा हात पोळलेत. दहाएक वर्षांपूर्वी एका दुकानातून 'होम थिएटर' आणलं होतं. खोक्यावर ५००० वॅट पीएमपीओ! घरी नुसतं धडधडायचं. पहिल्याच रविवारी खालचे काका वर आले. तेव्हापासून ते माळ्यावर आहे.

आता तीन सल्ले मिळालेत. ऑफिसातला मित्र म्हणतो साधा २.१ साउंडबार घे (डावा-उजवा स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे बासचा डबा). भाचा म्हणतो ५.१ (पुढे तीन, मागे दोन आणि सबवूफर) शिवाय मजा नाही. दुकानदार म्हणतो रिसीव्हर (सगळे स्पीकर जोडायचा ॲम्प्लिफायर) घ्या, स्पीकर हळूहळू जोडा. सोफ्याच्या मागच्या भिंतीत दार आहे, त्यामुळे वायरींचं टेन्शन आहे. काय घेऊ?

सोल्डरगन:
पीएमपीओ विसरा, तो आकडा खोकं सजवायला असतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, तो आकडा बघायचा. तुमच्या हॉलला तोही फार लागत नाही.

रिसीव्हरचा नाद या बजेटात नको. नवा ५.१ रिसीव्हरच सगळे पैसे खाईल आणि स्पीकर 'हळूहळू' कधीच येत नाहीत. स्वानुभव.

खरी मेख तुमच्या आईच्या दिवाणात आहे. साध्या २.१ मध्ये डायलॉग डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून सारखाच येतो आणि मधोमध बसलेल्याला तो पडद्यातून आल्यासारखा वाटतो. बाजूला बसलं की ती गंमत मोडते, जवळच्या बाजूनेच सगळं ऐकू येतं. म्हणून मधला स्वतंत्र स्पीकर, म्हणजे सेंटर चॅनल, असलेलंच घ्या. ५.१ सिनेमात बहुतेक संवाद त्यातूनच येतात. मग फक्त त्याचा किंवा 'व्हॉइस'चा आवाज वाढवता येतो का, ते दुकानातच रिमोट हातात घेऊन बघा.

सोनीचा एचटी-एस२०आर बघून या. बारमध्येच सेंटर आहे, मागचे दोन स्पीकर वायरीचे. वायर दाराच्या चौकटीवरून पट्टीत घालून न्या, आणि स्पीकर सोफ्याच्या पाठीमागे कोंबू नका. थोडे मागे पण बाजूला, बसलेल्याच्या कानापेक्षा जरा वर.

निवांत_नाशिककर:
मालिका तर स्टिरिओच, म्हणजे डावा-उजवा असे दोनच चॅनल, असतात ना? मग सेंटरचा उपयोग काय?

सोल्डरगन:
चांगला प्रश्न. दोन्ही बाजूंना जे सारखं असतं, ते साउंडबारमधला डीकोडर (आवाज वाटून देणारा भाग) मधल्या स्पीकरमध्ये ओढून घेतो, आणि मालिकेत दोन्हीकडे सारखं म्हणजे मुख्यतः बोलणंच. फक्त साउंडबार 'स्टिरिओ' मोडवर ठेवायचा नाही. मागचे स्पीकर मात्र मालिकेला जवळपास गप्पच राहतील, भाच्याला आधीच सांगून ठेवा.

कानसेन_मिरज:
जरा वेगळं बोलते, राग मानू नका. वयोमानाने आधी उंच पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ, त ही अक्षरं तिथेच असतात. म्हणून बोललेलं ऐकू येतं, पण कळत नाही. माझ्या सासऱ्यांचं तसंच होतं, आम्ही वर्षभर टीव्हीला शिव्या दिल्या. आईंची एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आणि बास कमी ठेवा, तो या अक्षरांवर चढून बसतो. काकांसाठी सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा आणि नाइट मोड असेल तर लावा, त्याने मोठे आवाज दबतात.

सोल्डरगन:
+१. शिवाय घ्यायच्या आधी टीव्हीच्या मागे बघा, एचडीएमआयच्या एका खाचेवर 'एआरसी' लिहिलेलं आहे का. त्याच खाचेतून टीव्हीचा आवाज साउंडबारला जातो. नसेल तर ऑप्टिकल वायर. तिच्यातून डॉल्बी ५.१ जातं, पण टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज सहसा कमी-जास्त होत नाही. आईंना दोन रिमोट देऊ नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. दिवाणाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आईला कान तपासायचं सुचवलं, तर म्हणाली, "आधी तुझ्या टीव्हीचे तपास." तरी शनिवारची वेळ घेतली आहे.

टॉर्च घेऊन टीव्हीमागे डोकावलो. एआरसीची खाच आहे, पण सेट-टॉप बॉक्सची वायर तिच्यातच खुपसलेली आहे. ती दुसऱ्या खाचेत घातली तर चॅनल पुन्हा लावावे लागतील का?

सोल्डरगन:
नाही हो. चॅनल बॉक्समध्ये असतात. टीव्हीच्या रिमोटवरचं 'सोर्स' दाबून वायर घातलेली नवी खाच निवडा, झालं. पण मालिकेच्या वेळेला करू नका.