‘कबूल केले’चं इंग्रजी : टु ठेवायचा की काढायचा?

जिंतूरकर : भावजींचा कागद इंग्रजीत करून दिला अन् फसलो. मोंढ्यातल्या आडत्याकडं सोयाबीनचे पैसे अडकलेत. मूळ वाक्य, ‘आडत्याने उरलेले पैसे द्यायचे कबूल केले.’ मी लिहिलं, ‘ही ॲडमिटेड टु पे द बॅलन्स.’ मुंबईच्या वकीलबाईंचा फोन आला, “म्हणजे पैसे दिले म्हणतोय का तो?” आता टु काढू का?

मास्तर, अंबाजोगाई : टुला कशाला धरता, क्रियापदच चुकलंय. पुढं द्यायचे असतील तर ‘ॲग्रीड टु पे’. देऊन झाले असतील तर ‘ॲडमिटेड पेइंग’ किंवा ‘ॲडमिटेड टु पेइंग’. या टुपुढं पे येत नाही, पेइंग येतं. आपल्या ‘कबूल’ला दोन्ही चालतं, ‘द्यायचे कबूल केले’, ‘दिल्याचे कबूल केले’. सगळी गंमत द्यायचे-दिल्याचेत. दहावीच्या वह्यांत हे वाक्य हमखास लाल व्हायचं.

उदगीरची लेक : सर, ‘ॲडमिटेड टु हिज मिस्टेक’ लिहिलं म्हणून आमच्या बाईंनी अर्धा मार्क कापला होता. अजून डोक्यात आहे.

मास्तर, अंबाजोगाई : परत मागा तो. टु घाला, नका घालू, दोन्ही बरोबर. ‘ओन अप’ला मात्र टु लागतोच. अन् ‘ॲडमिट्स ऑफ नो डाउट’ वेगळंच, तिथं कुणी काही कबूल करत नाही. शंकेला जागा नाही, एवढंच.

कोर्टकचेरी : आणखी एक टु आहे. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ : ‘टु अ पोलिस ऑफिसर’ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. चोरीची कबुली, फौजदारापाशी कबुली. आपल्याकडं ‘ची’ अन् ‘पाशी’, त्यांच्याकडं दोन्हीला टु. २०२३चा नवा कायदा आला, टु तिथंच.

शुद्धमराठी : मुळात ‘कबूल’ कशाला? अरबी आहे. ‘मान्य’ म्हणा.

जिंतूरकर : मोंढ्यात ‘मान्य’ म्हणून बघा. चहा पाजून वाटेला लावतील.

बीडचा भाचा : आमचे मामा म्हणायचे, कबूल हा काबूलवरून आला. पठाण सावकार व्याज कबूल करून घ्यायचे म्हणून.

कोर्टकचेरी : मामांना नमस्कार सांगा. पण नाही.

उदगीरची लेक : आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. मी गूळ चोरला की विचारायचे, “जुर्माचा इकबाल?” हो म्हणलं की डब्यातला आणखी एक खडा हातावर. नाही म्हणलं तर तळहात हुंगायचे. इकबाल हे कबूलचंच भावंड बरं का.

शुद्धमराठी : म्हणजे तोही अरबी! बरं, ते मोंढा म्हणजे काय?

जिंतूरकर : मार्केट यार्ड हो. ‘ॲग्रीड’ लिहितो मग. पण आडत्या उद्या म्हणला, मी ॲग्री केलंच नव्हतं, तर?

बीडचा भाचा : मोंढा अन् मंडई एकच असणार की.

शुद्धमराठी : ढ कुठून आला मग?